आज मी गाडीत नव्हतो

माझ्या भावाला "आज काय खाणार?" असं विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान गप्प तरी बसते. हा म्हणतो, "काहीही चालेल. तू सांगशील ते." आणि मग समोर येईल ते निमूट खातो. एकदा मी मुद्दाम बिनमिठाची भाजी वाढली. म्हटलं, आज तरी काही बोलेल. पठ्ठ्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि म्हणाला, "छान झाली होती." मी कपाळावर हात मारून घेतला.

तो मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. दादागिरी मात्र आमच्या घरात कायम मीच केली. मी केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, कारण हा माणूसच तसा. कुठल्या शाळेत जायचं ते आईने ठरवलं. शाळेनंतर काय करायचं ते वडिलांच्या एका मित्राने ठरवलं. त्या मित्राचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, त्याला माणूस हवा होता आणि दादा रिकामा बसला होता. लग्नाचंही तेच. वहिनी त्याच्याकडे गाडी शिकायला आली, तिला लायसन्स मिळालं आणि त्यानंतरही ती येतच राहिली. शेवटी तिनेच घरी येऊन आईला सांगितलं. दादाला बहुतेक सगळ्यात शेवटी कळलं. पण संसार सुखाने केला दोघांनी. ती ठरवायची, हा मान डोलवायचा. ती गेली त्या दिवशी दादा कपाटासमोर दोन शर्ट हातात घेऊन उभा होता. तिला पोचवायला जाताना कुठला घालायचा, ते त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, "निळा घाल." त्याने निळा घातला. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते इथे सांगत बसत नाही, लोकांना ते विचारायला फार आवडतं. वहिनी गेल्यावर मी दादाच्या घरी राहायला आले. वरच्या मजल्यावर तो, खाली मागच्या खोलीत मी आणि पुढच्या खोलीत आमचं ऑफिस. वडिलांच्या मित्रानंतर ते स्कूल दादाकडेच आलं होतं. ड्रायव्हिंग स्कूल म्हटलं की काहीतरी मोठं वाटतं. आमचं म्हणजे एक पांढरी गाडी, एक फोन आणि एक मी. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलावर लाकडाचा एक छोटा चौक, त्यात बोटभर गाड्या. आधी कुणी जायचं हे शिकवायला दादा त्या गाड्या फिरवायचा. फोन मी घ्यायचे, वेळा मी द्यायचे, बुडव्या लोकांना दम मी भरायचे.

आता गंमत ऐका. घरात चटणी हवी की लोणचं हे न ठरवता येणारा हा माणूस गाडीत बसला की वेगळाच व्हायचा.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही दोन पेडल असतात. एक क्लच, एक ब्रेक. शिकणारा चालवत असतो, पण शेजाऱ्याला वाटेल तेव्हा गाडी थांबवता येते. दादा तिथे अगदी सैलसर बसायचा, हात मांडीवर, नजर समोर, जणू फिरायलाच निघालाय. आणि समोरच्या गल्लीतून एखादी सायकल बाहेर यायच्या आधीच त्याचा पाय खाली गेलेला असायचा. सायकल दिसायची ती गाडी थांबल्यावर. विचार नाही, 'बघू' नाही, काही नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, तिथे एवढं पटकन ठरवतोस, मग घरी काय होतं तुला?"

"दिवसभर ठरवून ठरवून पाय दुखतात गं," तो म्हणाला. "घरी आल्यावर पाय वर घेऊन बसू दे की."

आणि खरंच, दादाच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. कुणी काहीही मागो, काहीही सांगो, याचं उत्तर "बघू." त्याचा सगळा नकार पायात. फोनवरसुद्धा समोरच्याने ठेवेपर्यंत हा धरून बसायचा. चुकीचा नंबर लागला असला तरी.

त्याची शिकवायची एक पद्धत होती, ती मात्र कुणी शिकवलेली नव्हती. शिकणारा तयार झाला असं वाटलं की एक दिवस तो पाय मागे घ्यायचा. पार सीटखाली. हे शिकणाऱ्याला सांगायचं नाही. उलट त्या दिवशी तो जरा जास्तच गप्पा मारायचा, हवा काय म्हणते, भाव काय चाललेत, म्हणजे कुणाचं लक्ष खाली जाऊ नये. सगळा रस्ता त्या माणसाने एकट्याने चालवलेला असायचा आणि त्याला पत्ता नसायचा. घराशी आल्यावर दादा उतरायचा, दार लावायचा, खिडकीतून वाकून म्हणायचा, "आज मी गाडीत नव्हतो."

लोक आधी बुचकळ्यात पडायचे. मग उजेड पडला की काहीजण हसायचे, काहीजण रडायचे. एक दणकट माणूस स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला होता, मी खिडकीतून पाहिलंय.

"आधीच का नाही सांगत?" मी विचारलं होतं.

"सांगितलं की घाबरतात. येत असलेलंही विसरतात."

सगळं असं चाललं असताना बाई आल्या. बाई म्हणजे कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. साठी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. त्यांचे मिस्टर आदल्या वर्षी गेले होते आणि गाडी दारात धूळ खात पडली होती. आल्या आल्या मला म्हणाल्या, "मला गाडी शिकायचीय. ही माझी स्वतःची इच्छा आहे असं मला वाटतंय, पण खात्री नाही."

मी म्हटलं, "खात्री झाली की या."

त्या खो खो हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तिथेच मी ओळखलं, ही बया काही सोपी नाही.

बाई दादाला 'मास्तर' म्हणायच्या आणि गाडीत बसल्या की वाद घालायच्या. माणसाला स्वतःचं असं काही ठरवता येतं की नाही, हा त्यांचा लाडका विषय. त्यांचं म्हणणं, येत नाही. आपण जे करतो त्यामागे आधीचं काहीतरी असतं, त्यामागे त्याच्या आधीचं, असं करत करत आपण जन्मायच्याही मागे जातो. निवड केली असं आपल्याला वाटतं तेवढंच. मी मागच्या सीटवर बसून बाजारापर्यंत जायचे, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडायचं. गाडी तोवर दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत असायची.

"मास्तर, समजा मी या लाल दिव्याला थांबणार की नाही हे आधीच ठरलेलं आहे. मग मी ब्रेक कशाला मारायचा?"

"ठरलेलं असलं तरी मारा बाई," दादा म्हणायचा आणि तोवर त्यानेच मारलेला असायचा.

एकदा उतारावर एक म्हातारे गृहस्थ अचानक आडवे आले. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाई खूश. "पाहिलंत? थांबवली की नाही मी?" दादा नुसता "बरं" म्हणाला. पण मला राहवतंय कशाला! मी मागून म्हटलं, "बाई, ब्रेक दादाने दाबला. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर होता."

बाईंनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं आता चिडणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी शपथेवर सांगितलं असतं की मीच थांबवली. मला पायाला जाणवलंसुद्धा." आणि थोड्या वेळाने, "आमचे हे गाडी चालवायचे तेव्हा मी शेजारी बसून रस्ता सांगायचे. इथे वळा, तिथे थांबा. मला वाटायचं, मीच नेतेय. गेल्यावर कळलं, त्यांना सगळे रस्ते पाठ होते. मी बोलत असलेलं त्यांना आवडायचं म्हणून ऐकायचे."

दादा म्हणाला, "पण पाय मागे घेता येतात, बाई."

"घेतलेत हे शिकणाऱ्याला कळतं का?"

"कुठलं कळतंय!"

"मग त्याला दोन्ही सारखंच. पाय असला काय, नसला काय."

घरी येईपर्यंत दादा यावर विचार करत होता. बाईंनीच पुढच्या खेपेला येताना उत्तर आणलं. म्हणाल्या, "मास्तर, मी चुकले. चालवताना सारखंच असतं. पण उतरून एकटं घरी जावं लागतं ना, तेव्हा फरक पडतो." आणि लगेच फाटकाला गाडी घासली.

मला सुरुवातीला बाईंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. दादा त्यांच्याशी जेवढं बोलायचा तेवढं माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल.

मग छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे दादाची एकुलती मुलगी. आता चांगली चाळिशीला टेकलीय, पण आम्हाला छोटीच. बसने पाच तासांवरच्या गावात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नवऱ्याशी पटलं नाही, एकटी राहते. फोन स्पीकरवर होता. समोर दादा आणि मी, आणि कोपऱ्यात बाई, त्यांची शिकायची वेळ झाली होती म्हणून.

"बाबा, आता पुरे झालं ते दिवसभर गाडीत बसणं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. इकडे या कायमचे. दोन खोल्या आहेत, एक तुमची. आत्या, तू पण येत जा ना अधूनमधून."

अधूनमधून. तिचं काही चूक नव्हतं. दोन खोल्यांत तिसरं माणूस कुठे मावणार, आणि बाप तिचा. पण दादा गेला तर या घरात माझ्याशी बोलायला लाकडी चौकातल्या गाड्याच उरणार होत्या.

दादा म्हणाला, "बघू. महिनाभरात सांगतो." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं. निळा की पांढरा, तसं.

"काही जायचं नाही" हे शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात बाई खाकरल्या. दादा गाडी काढायला बाहेर गेला तशा म्हणाल्या, "तुम्ही आता 'जाऊ नको' म्हणाल आणि ते जाणार नाहीत."

"मग? त्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही. पण त्यांना काय हवं होतं ते कधीच कुणाला कळणार नाही. त्यांनासुद्धा. तुमचा पाय सतत ब्रेकवर आहे. एकदा काढून तर बघा."

"बाई, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत. माणसं सांभाळली नाहीत," मी फणकारले. त्या चष्मा पुसत बसल्या. मला वाईट वाटलं, पण मी काही माफी मागणाऱ्यातली नाही.

बोलणं मात्र मनात रुतून बसलं. भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. साठ वर्षं उलटली या माणसाची, आणि एकदाही कुणी त्याला विचारून थांबलेलं नाही. विचारायचं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकायचं. आईने तेच केलं, वहिनीने तेच केलं, मी तर त्यांच्यावर कडी केली. म्हटलं, ठीक आहे. एकदा. एवढी एकदाच मी जीभ चावून बसेन. राहावंसं वाटलं तर राहील आपणहून. आणि राहील तो, असं मला अगदी आतून वाटत होतं. हे सांगायलाच हवं.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. "तिकडे थंडी जास्त असते म्हणे."

"असेल."

"माझा तो जाड स्वेटर बारीक झालाय बहुतेक."

"घालून बघ."

मग जायचा. परत यायचा. "छोटी एकटी असते गं."

"हो ना."

"पण इथेही..." एवढं बोलून थांबायचा. मी कढईत डाव फिरवत राहायचे. डोळे वर केले असते तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून मी भाजीकडेच बघत राहिले. त्या महिन्यात आमच्याकडे एकही भाजी करपली नाही, एवढं लक्ष होतं माझं.

एकदा म्हणाला, "गाडीचं काय करायचं, मी गेलो तर?"

"तुझी गाडी. तू ठरव."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी परक्या भाषेत बोलले. त्या संध्याकाळी त्याने गाडी धुतली, पुसली, चाकांच्या खाचांमधली माती काडीने काढली. मी पडद्याआडून बघत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "मी जातो म्हणतो."

"बरं," मी म्हटलं. उठले, आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाण्याच्या आवाजात रडलेलं ऐकू जात नाही.

जायच्या दिवशी बसस्टँडपर्यंत गाडी मी चालवली. मलाही त्यानेच शिकवलं होतं, आणि त्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी शिकवायचा परवानाही काढून ठेवला होता, म्हणून स्कूल आता मी बघणार होते. दादा सवयीने त्याच्या सीटवर बसला, बॅग मांडीवर. हवेबद्दल बोलला. भाव काय चाललेत ते बोलला. पेट्रोलपंपापाशी एक ट्रक अंगावर आला, तेव्हा मी वाट बघितली, आता दाबेल, आता दाबेल. ब्रेक मलाच दाबावा लागला. त्याने बोलणं थांबवलंसुद्धा नाही.

स्टँडवर बस लागलीच होती. दादा उतरला, दार लावलं, खिडकीतून वाकला.

"आज मी गाडीत नव्हतो," म्हणाला आणि हसला.

मी पण हसले. काय करणार?

मग तो म्हणाला, "तू पण नव्हतीस गं. महिनाभर."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय मागे घेऊन बसली होतीस. मला कळत होतं. रोज वाटायचं, आज दाबेल. दारात येऊन उभा राहायचो, म्हटलं आता दाबेल. नाही दाबलास." बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत तो अगदी साधेपणाने म्हणाला, "म्हटलं, चला. ही ब्रेक मारत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे. जावं असं तिलाही वाटतंय."

"आणि तुला रे? तुला काय वाटत होतं?"

"मला?" तो म्हणाला. "मला इथेच बरं वाटत होतं."

कंडक्टर ओरडला. दादा दोन पावलं गेला आणि वळून उभा राहिला. ते बघणं मी कसं विसरेन? नवा शिकणारा चौकात शेजारी बघतो ना, जाऊ की थांबू, तसा तो बघत होता. 'चल, बस गाडीत' एवढं म्हणायचा अवकाश होता. तो आला असता. बॅग मागे टाकून पुढे बसला असता आणि घरी आल्यावर विचारलं असतं, जेवायला काय.

आणि मी, जिने जन्मात कुणाला हुकूम द्यायला क्षणाचा वेळ लावला नाही, ती तोंड उघडून तशीच बसले. बोलावलं तर पुन्हा तेच, माझाच पाय. नाही बोलावलं तर... मला ठरवता येईना! मला! मी ठरवत असतानाच कंडक्टरने त्याला दंडाला धरून वर घेतला आणि बस हलली. दादा मागच्या काचेतून बघत होता की नाही ते धुरात दिसलं नाही.

परत येताना गाडीत मी एकटी. एक गोष्ट इतकी वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती, कारण तिथे नेहमी कुणाचे तरी पाय असायचे. दोन्हीकडचे पेडल एकमेकांना जोडलेले असतात. मी ब्रेक दाबला की शेजारचा रिकामा ब्रेकही खाली जायचा. मी सोडला की वर यायचा. दर चौकात, दर दिव्याला. शेवटी मी तिकडे बघायचंच बंद केलं.

घर खायला उठणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दिवसा ठीक असायचं, शिकायला माणसं यायची, मी शेजारी बसून ओरडायचे. माझ्या हाताखाली लोक पटकन शिकतात, भीतीने. पण संध्याकाळी दार लावलं की संपलं. बिनमिठाची भाजी केली काय आणि खारट केली काय, छान झाली म्हणणारं कुणी नाही. कुणावर तरी डाफरल्याशिवाय माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही हे मला कुठे माहीत होतं?

फोन व्हायचे. बरा आहेस का? बरा आहे. जेवलास का? छोटी देते ते जेवतो. मग तो आपला फोन धरून बसलेला, मी ठेवेपर्यंत.

बाई येत होत्याच. त्यांचा राग मी एक दिवस भर रस्त्यात काढला. "तुमच्यामुळे गेला तो. तुमच्या त्या 'पाय काढून बघा'च्या नादी लागले मी."

बाईंनी गाडी नीट कडेला घेतली. हल्ली त्यांना ते जमायला लागलं होतं. "मी पाय काढा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तोंड शिवून घ्या कुठे म्हटलं? मास्तर पाय मागे घ्यायचे तेव्हा गप्प बसायचे का? जास्तच बोलायचे ते."

मी उगाच आरसा सारखा केला.

"गप्प बसणं म्हणजेही सांगणंच की हो. तुम्हाला काय हवंय ते सांगितल्याने त्यांचं स्वातंत्र्य कसं जाणार होतं? फार तर एक गोष्ट त्यांना जास्त कळली असती." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "मी तरी आमच्या ह्यांना कुठे सांगितलं होतं."

त्या रविवारी मी फोन लावला. खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलले.

"दादा, एक सांगायचंय. हुकूम नाही हा. नुसतं सांगतेय."

"सांग."

"तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. पहिल्या दिवसापासून. मला इथे करमत नाही. घर खायला उठतं. तू परत यावंस असं वाटतं मला. आता तुला काय हवंय ते तू ठरव. तू जे म्हणशील ते म्हणशील."

पलीकडे कुठेतरी सायकलची घंटा वाजली. मी त्याच्या 'बघू'ची वाट बघत होते. 'बघू' म्हणाला असता तर मी चार दिवसांत त्याला घरी आणला असता, मी स्वतःला ओळखून आहे.

"नाही," दादा म्हणाला.

मला वाटलं, लाइन खराब आहे.

"नाही गं. नाही येत मी," तो म्हणाला. आणि थांबला नाही. "परवा रस्त्याने चाललो होतो. एका ड्रायव्हिंग स्कूलची पाटी दिसली. पुढे गेलो, मागे आलो, परत पुढे गेलो. मग गेलो आत. कुणी पाठवलं नव्हतं, छोटीलाही माहीत नाही अजून. म्हटलं, मला शिकवता येतं. त्यांनी सोमवारपासून या म्हटलंय. त्या दिवशी स्टँडवर हे बोलली असतीस ना, तर उलट्या पावली आलो असतो. देवाशपथ. पण आता नाही." मग घाबरून, "रागावलीस का?"

रागावले होते. एवढी रागावले होते की फोन भिंतीवर आपटावासा वाटत होता. आणि त्याच वेळी ऊर भरून आला होता, तोही खोटा नव्हता. साठी उलटलेल्या माझ्या भावाने जन्मात पहिल्यांदा तोंडाने नाही म्हटलं होतं, आणि ते नेमकं मला. आता या घरात मी एकटीच राहणार होते. हे त्याने ठरवलं होतं, दुसऱ्या कुणीही नाही.

"दादा," मी म्हटलं, "आज मी गाडीत नव्हते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसल्याचा. आणि मग, शिकणारा उतरायच्या घाईत असला की म्हणायचा त्याच सुरात म्हणाला, "हँडब्रेक ओढ आधी."

"ओढला," मी म्हटलं. आणखीही काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात त्याने फोन ठेवला. माझ्या आधी.